बारीला उत्तर हवं

दुबई आणि आसपासच्या अमिरातींत राहणाऱ्या तमाम मराठी बंधू-भगिनींना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, प्रस्तुत इसमाने मराठीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून मराठीत भाषांतर करण्याचे काम कायमचे बंद केले आहे. यापुढे मंडळाची पत्रे, सोसायटीच्या नोटिसा अथवा सासूबाईंच्या व्हिसाचे अर्ज घेऊन कोणीही अल मनखूलला आमच्या दारी येऊ नये. आल्यास चहा मिळेल. भाषांतर मिळणार नाही.

या निर्णयामागे एक उंदीर, एक गोणपाट आणि एका मंगोल गृहस्थाची टोपी आहे. क्रमाने सांगतो.

सिंधुदुर्गाकडे भजनाची डबलबारी चालते. दोन बुवा आपापल्या पेट्या आणि मंडळी घेऊन समोरासमोर बसतात. एकाने गायचं, आणि गाता गाता समोरच्याला एक सणसणीत टोमणा हाणायचा. मग मांडीवरचे हात उचलून समोरच्याने त्याच ठेक्यात त्याचं उत्तर द्यायचं आणि वर आपला एक टोमणा परत करायचा. देवाचं नाव दोघांच्याही तोंडी असतं, पण मंडपातले लोक येतात ते बुवा बुवाला काय बोलतो ते ऐकायला. माझं आजोळ त्या भागातलं, त्यामुळे मालवणी बोली मला समजते. या एका गुणामुळे माझं वाटोळं झालं.

इथे थंडीत पाण्याकाठच्या हिरवळीवर जगभरच्या लोकसंगीताचा एक महोत्सव भरतो. आमच्या मंडळाचा सांस्कृतिक कार्यवाह या नात्याने मी दोन बुवांची नावं पाठवली. दोघेही साठीच्या पुढचे, शेजारशेजारच्या गावांतले, आणि उभं आयुष्य एकमेकांसमोर बसून एकमेकांची लाज काढण्यात घालवलेले. अलीकडे तर ते दुसऱ्या कोणासमोर बसतच नसत. आयोजकांनी दुसरा बुवा सुचवला की दोघेही वेगवेगळ्या घरांतून एकच उत्तर देत, "तेका उत्तर देऊक येता काय?" यातल्या वडीलधाऱ्यांना मी इथे बुवा म्हणतो आणि दुसऱ्यांना धाकटे बुवा. धाकटे दोन वर्षांनीच धाकटे होते, पण तेवढं थोरल्यांना पुरत असे.

महोत्सवाच्या कंपनीने व्हिडिओ मागितला, मी पाठवला. मग त्यांचा मेल आला की कलाकार गाताना एकमेकांशी बरंच बोलताना दिसतात, तरी त्या संवादाचं शब्दशः भाषांतर पाठवावं. आता मला सांगा, आयुष्यभर जबल अलीच्या ऑफिसात बसून कंटेनर किती वाजता सुटला याची इंग्रजी पत्रं लिहिणाऱ्या माणसाला असं काम मिळालं तर तो काय करील? मी दोन संध्याकाळ खपलो. 'तुझी पेटी म्हणजे उंदरांनी कुरतडलेला बिस्किटांचा डबा' हे मी असं काही इंग्रजीत उतरवलं की उंदराचे दात दिसावेत. 'तुला गोणपाटात बांधून सकाळच्या एसटीच्या टपावर टाकतो' यातल्या गोणपाटाला तर मी तळटीप दिली.

"जरा कमी रंगव," बायको म्हणाली.

"वर्ड टू वर्ड मागितलंय त्यांनी."

"त्यांनी मागितलंय ते त्यांना समजायला. तू लिहितोयस ते तुला मजा यायला."

बायकोचं बरोबर होतं हे कळायला चार दिवस लागले. मेल आला. भाषा अतिशय सभ्य होती. दोन्ही कलाकारांमधलं वैयक्तिक वैमनस्य आणि त्यातला शारीरिक इजेचा उल्लेख लक्षात घेता, पाहुण्यांच्या सुरक्षिततेसाठी दोघांना एकाच मंचावर आणणं कंपनीला शक्य नाही. यादीतलं पहिलं नाव कायम ठेवून दुसरं वगळण्यात येत आहे.

मी फोन केले. ही परंपरा आहे, हे प्रेम आहे, ते दोघे एकमेकांच्या घरच्या लग्नात पंगतीला वाढायला असतात, सगळं सांगितलं. पलीकडची मुलगी शांतपणे म्हणाली, "सर, गोणपाटाची तळटीप तुम्हीच दिली आहे."

धाकट्या बुवांना मी 'तांत्रिक अडचण' असं कळवलं. ते म्हणाले, "बरा, बरा." दोनदा म्हणाले, म्हणजे बरं नव्हतं.

तर असे थोरले बुवा आणि त्यांचे पखवाजवाले दुबईत उतरले. मागे साथीला जबल अलीच्या गोदामांत काम करणारी कोकणातली आठ-दहा माणसं होती; सुट्टीच्या दिवशी ती कॅम्पमध्ये भजन करतच असतात. सगळं जमलं होतं. पहिल्याच दिवशी, आमच्या हॉलमध्ये पोहे खाताना, मी बुवांना खरं काय घडलं ते सांगून टाकलं, कारण ते आमच्याकडे आठ दिवस राहणार होते आणि माझ्याने आठ दिवस खोटं बोलवत नाही. सातपर्यंत जमतं.

बुवांनी आधी आपल्या शिव्यांचं इंग्रजी वाचून दाखवायला लावलं. लक्ष देऊन ऐकलं.

"इंग्रजीत जरा कमी लागता," ते म्हणाले. मग बशी खाली ठेवून म्हणाले, "सायबानू, मी गावचंय नाय."

गाणार नाही. इतक्या साध्या आवाजात, जणू दुसऱ्यांदा पोहे नको म्हणत होते.

"बुवा, बारा मिनिटांचा कार्यक्रम आहे. एकट्याने एक अभंग, एक गजर, झालं."

"एकटो मी देवळात गातंय. थय देव उत्तर देता. उत्तर देणारो नाय, तर बारी नाय."

पाच दिवस मी त्यांची मनधरणी केली. म्हातारा हलेना. त्यांचं म्हणणं सोपं होतं आणि त्यामुळेच त्यावर इलाज नव्हता: बुवाने बोलायचं आणि समोरून काही येऊ नये, यासारखी दुसरी नामुष्की नाही. तसं गायचं तर इतक्या लांब विमानाने कशाला यायचं? बरं, हा माणूस पहिल्यांदाच देशाबाहेर आला होता, आणि पुन्हा येईल असं त्याच्या गुडघ्यांकडे बघून वाटत नव्हतं. न गाता परत गेला असता तर गावात त्याला आयुष्यभर ऐकावं लागलं असतं. ऐकवणारा कोण, हेही ठरलेलं होतं. आणि या सगळ्याच्या मुळाशी माझं भाषांतर होतं.

मी एक उपाय काढला. इथे नेहमीच्या अॅपवरून गावाला कॉल लागत नाही, पण ज्यावरून लागतो त्यावर धाकट्या बुवांना व्हिडिओ कॉल लावला, फोन आमच्या फ्रीजला टेकवून ठेवला आणि म्हटलं, बसा समोरासमोर. बुवांनी पेटी ओढली, एक टोमणा हाणला आणि थांबले. फ्रीजवरचे धाकटे बुवा दोन सेकंद नुसते बघत राहिले. मग त्यांचं उत्तर आलं, तोवर पखवाज पुढे निघून गेला होता. पुन्हा केलं. पुन्हा तेच.

"बाबा, इट्स कॉल्ड लेटन्सी," मुलगी तिच्या खोलीतून म्हणाली.

"ह्यो पयल्यापासून असोच उशिरान उत्तर देता," बुवा म्हणाले. फ्रीजवरून तिकडची शिवी आली, तीही दोन सेकंदांनी.

धाकटे बुवा मग रोज फोन करू लागले. विषय एकच. "गातलो मां तो?" गाणार ना तो? मी म्हणायचो, इन्शाल्ला. हा शब्द इथल्या लोकांनी माझ्यासारख्यांसाठीच तयार केला असावा.

महोत्सवाच्या दिवशी दुपारी आम्ही हिरवळीवर पोचलो. कलाकारांसाठी पोर्टाकेबिन होत्या, मधे पातळ पार्टिशन घालून एकीच्या दोन केलेल्या. आमची को-ऑर्डिनेटर बैरुतची एक मुलगी होती. कानात वायर, हातात रनशीट आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'यल्ला', म्हणजे चला चला. तिला मी अजून सांगितलंच नव्हतं की आमचे कलाकार गाणार नाहीत. म्हटलं, पाच दिवस टिकलंय, अजून दोन तास टिकेल.

बुवा आत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले आणि काही वेळाने म्हणाले, "सायबानू, तुमचो एसी मेलो."

खरंच, कुठून तरी जाड, घोगरा, सलग घरघराट येत होता. कंप्रेसर जाताना येतो तसा. मी मेंटेनन्सला फोन केला. एक मल्याळी टेक्निशियन शिडी घेऊन आला, एसीचं झाकण उघडलं, आत टॉर्च मारला, एसी बंद केला. घरघराट चालूच. उलट आता त्याच्या वर एक बारीक, शीळ घातल्यासारखा स्वर तरंगायला लागला. टेक्निशियनने झाकण लावलं, शिडी खांद्यावर टाकली, पार्टिशनकडे बोट दाखवलं आणि हिंदीत म्हणाला, "सर, वो आदमी है."

पार्टिशनपलीकडे मंगोलियाकडून आलेले एक गृहस्थ बसले होते. गुडघ्यापर्यंतचा निळा अंगरखा, वर टोकदार टोपी, मांडीशी घोड्याचं डोकं कोरलेलं तंतुवाद्य, आणि समोर मध घातलेल्या गरम पाण्याचा पेला. ते आपला गळा तापवत होते. हे लोक घशातून एकाच वेळी दोन स्वर काढतात. खाली खर्ज धरून ठेवतात आणि त्याच श्वासात वर बासरीसारखा दुसरा सूर फिरवतात. त्यांच्यासोबत त्यांचं बोलणं इंग्रजीत सांगणारी एक तरुण मुलगी होती. आमच्या नंतरचा कार्यक्रम त्यांचाच होता.

बुवा दारात उभे राहिले ते हललेच नाहीत. आधी त्यांना वाटलं माणूस आजारी आहे. "ह्येका काय झाला?" म्हणून त्यांनी आपल्या पिशवीतली सुंठ काढून पुढे केली. गृहस्थांनी ती नमस्कार करून घेतली आणि दाताखाली धरली. मग पुन्हा गायला लागले. बुवा तिथेच एका खोक्यावर बसले. अर्धा तास बसले. तोंडात सुपारी होती ती चघळायचे विसरले.

"खाली रेडो, वर पावो," ते शेवटी हळू आवाजात म्हणाले. "आणि तोंड एकच."

मी म्हटलं, "फार कठीण विद्या आहे म्हणतात."

"सायबानू, ह्यो एकटो दोघांची बारी करता." तोंडातली सुपारी त्यांनी कागदात थुंकली. आणि मग, "मी ह्येच्यावांगडा बसतलंय."

वांगडा म्हणजे सोबत. मी लगेच तीन अडचणी मांडल्या.

त्या गृहस्थांना मराठी येत नाही, त्यांना डबलबारी म्हणजे काय ते माहीत नाही, को-ऑर्डिनेटर परवानगी देणार नाही. बुवांनी तिन्ही मुद्दे ऐकले. "बोलावणारो बुवा मी. उठायचा की नाय, ता तो ठरवीत." ती मुलगी, म्हणजे बैरुतची, म्हणाली, "सर, रनशीट लॉक आहे. बारा मिनिटं, मग पुढचे. खलास." मी तिला म्हटलं, बरोबर आहे. बुवांना म्हटलं, बरोबर आहे. माझी नोकरी याच कौशल्यावर चाललेली आहे.

मंचावर जायच्या आधी बुवांनी मला बाजूला घेतलं. एरवी डोळ्याला डोळा भिडवून बोलणारा माणूस, पण या वेळी ते माझ्या चपलांकडे बघत होते.

"तेका फोन लावा. अभंग आयकवा. मगे बंद करा."

"आणि पुढचं?"

"पुढचा तेका सांगू नकात."

मी फोन लावला. धाकटे बुवा तिकडे बहुधा पहिल्या रिंगची वाट बघतच बसले होते. "बसलो मां तो? एकटोच मां?" मी हो म्हटलं आणि स्पीकरवरचा फोन तसाच कुर्त्याच्या खिशात ठेवला.

ऊन उतरायला लागलं होतं. हिरवळ भरलेली. पुढे सोफ्यांवर अमिराती कुटुंबं, मागे सगळ्या देशांचे लोक चटयांवर, आणि अगदी कडेला, कठड्याला टेकून, कंपनीच्या बसने जबल अलीहून आलेली आमची साठ-सत्तर माणसं. बुवांनी अभंग असा लावला की कडेच्या त्या लोकांनी बोलणं थांबवलं. इथपर्यंत सगळं सुंदर. मी खिशातला फोन बंद करायला हात घातला.

तेवढ्यात बुवांनी पेटीवरचे हात उचलले, आपल्या पाळीची वाट बघत मंचाच्या कडेला स्टुलावर बसलेल्या मंगोल गृहस्थांकडे वळले, आणि ठेक्यात एक वाक्य फेकलं. पखवाजाने थाप दिली आणि तोही थांबला. बुवांनी हाताची घडी घातली.

बारीचा हा नियम आहे. टाकलेल्याचं उत्तर येईपर्यंत बुवा पुढे जात नाही. गावात यात मजा असते. इथे काय झालं, तर शेकडो माणसं शांत बसली आणि बुवा त्या शांततेत घराच्या ओट्यावर बसल्यासारखे बसले. पाच सेकंद. दहा. को-ऑर्डिनेटर माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "काय चाललंय?" मी म्हटलं, "ते थांबलेत." ती म्हणाली, "ते मलाही दिसतंय, हबीबी," आणि माझ्या हातात माइक कोंबून मला मंचावर ढकललं.

सगळे माझ्याकडे बघत होते. मंगोल गृहस्थ आणि त्यांची दुभाषी मुलगीसुद्धा. बुवा म्हणाले होते ते असं: आमच्या गावात कोणाच्या गळ्यातून असा आवाज आला, तर लोक त्याला वैद्याकडे नेतात.

मी माइक तोंडाशी धरला आणि इंग्रजीत म्हणालो, "बुवा म्हणतात, आमच्या गावात असा आवाज असलेल्या माणसाला लोक थेट विद्वानांकडे घेऊन जातात."

कडेच्या कठड्याशी खसखस पिकली. शब्दशः भाषांतराने काय होतं ते मी एकदा पाहिलं होतं. दुसरा कलाकार मला गमवायचा नव्हता.

त्या मुलीने ते तिकडच्या भाषेत सांगितलं. गृहस्थ उठले, मधाच्या पाण्याचा शेवटचा घोट घेतला, वाद्य उचललं, आणि येऊन बुवांच्या बरोबर समोर मांडी घालून बसले. कोणी सांगितलं त्यांना समोर बसायचं असतं म्हणून, देव जाणे. मग त्यांनी खर्ज लावला. बुवांच्या पेटीच्या सुरात, अगदी नेमका. पखवाजवाल्यांनी माझ्याकडे बघितलं, बुवांकडे बघितलं आणि ठेका धरला. वरचा सूर फिरायला लागला तेव्हा बुवांनी क्षणभर, अगदी क्षणभर, दोन्ही हात कपाळाशी नेले. आणि लगेच पुढचा टोमणा. ही टोपी बघून परसातलं उपडं मडकं आठवलं.

"बुवांना तुमचा शिरपेच बघून घरच्या समृद्धीची आठवण झाली," मी म्हणालो.

आता कठड्याशी माणसं एकमेकांच्या खांद्यावर पडत होती. सोफ्यावरच्या एका वयस्कर अमिराती गृहस्थांनी मागे वळून त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि मिशीत हसले. माझी लबाडी त्यांनी ओळखली होती.

मंगोल गृहस्थ यावर गायले नाहीत, आधी बोलले. चांगलं अर्धा मिनिट बोलले, बुवांच्या पेटीकडे दोनदा हात करून. ती मुलगी खाली मान घालून ओठ चावत होती. मग माइकमध्ये म्हणाली, "ते ज्येष्ठांचे आभार मानतात."

अर्ध्या मिनिटात एवढंच? मी तिच्याकडे बघितलं. तिने माझ्याकडे बघितलं. एका धंद्यातली माणसं एकमेकांना ओळखतात. त्या पेटीत तिकडच्या कुठल्या प्राण्याने काय कुरतडलं होतं ते मला कधीच कळणार नाही.

बुवांना मात्र बोलण्याच्या ढंगावरून कळलं होतं. म्हातारा वीस वर्षांनी तरुण झाला होता. पुढचा वार त्यांनी गुडघ्यावर उठून केला, तोही गृहस्थांच्या बायकोला मधे आणून. "घरात बायलेक हाक मारतंस, तेव्हा ती दोनातल्या खयच्या आवाजाक ओ देता?"

"बुवा तुमच्या कुटुंबाची खुशाली विचारत आहेत."

"सगळे सुखरूप आहेत," ती मुलगी म्हणाली, आणि गृहस्थांनी खर्ज एवढा खाली नेला की माझ्या हातातला माइक थरथरला.

बाराची पंचवीस मिनिटं झाली. को-ऑर्डिनेटर मंचाच्या पायरीवर रनशीट मांडीवर घेऊन बसून राहिली होती. यल्ला म्हणायचंही तिने सोडून दिलं होतं. शेवटी दोघांनी एकदम हात उचलले, आणि हिरवळ उठून उभी राहिली. मी एवढ्या टाळ्या आमच्या मंडळाच्या कुठल्याही कार्यक्रमाला ऐकलेल्या नाहीत, आणि माझ्या भाषणांना तर नाहीच. बुवा समोरच्याचा हात धरून बसले होते. मीही जरा मान झुकवली. मी माइक छातीशी धरला.

छातीशी म्हणजे कुर्त्याच्या खिशाशी. खिशात फोन होता. अभंगानंतर जो बंद करायचा होता, तो.

टाळ्या ओसरल्या आणि सगळ्या स्पीकरमधून एकदम खरखर झाली. मग एका म्हाताऱ्या माणसाचा श्वास ऐकू आला. तो पंचवीस मिनिटं गप्प राहून सगळं ऐकत होता. बुवांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण त्यांनी त्या गृहस्थांचा हात सोडला, अंगणात कोणी बघितल्यासारखा. खिशातून आवाज आला. तो पूर्ण हिरवळीने ऐकला, आणि मग बैरुतची मुलगी, मंगोल गृहस्थ, त्यांची दुभाषी मुलगी, सोफ्यावरचे ते मिशीवाले, सगळे भाषांतरासाठी माझ्याकडे बघायला लागले. मी माइक खाली ठेवला. तेव्हापासून मी हे काम सोडलं. म्हणून वर जाहीर केल्याप्रमाणे, धाकटे बुवा जे बोलले ते जसंच्या तसं देतो:

"मेल्या, माका सोडून दुसऱ्यावांगडा बारी केलंस?"